अँटिबायोटिकच्या डोसचं मॉडेल: हात कसा बसतो आणि पाय कुठे घसरतो

मेरोपेनेमचा डोस १ ग्रॅमवरून २ ग्रॅम केला, तर औषध जिवाणूंवर किती जास्त वेळ काम करेल? चटकन सुचणारं उत्तर असतं 'दुप्पट'. खरं उत्तर आहे: एक हाफ-लाइफ जास्त, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागतो तेवढा वेळ. मूत्रपिंडं ठीक असलेल्या माणसात मेरोपेनेमची हाफ-लाइफ साधारण तासभराची असते. म्हणजे औषध दुप्पट खर्च करून पदरात पडला तो जेमतेम एक तास. हे ज्याला कागदावर मांडून दाखवता येतं त्याला पुढचं सगळं जमतं, आणि ज्याला येत नाही त्याच्या हातात कितीही भारी सॉफ्टवेअर दिलं तरी ते त्याला सुंदर आलेख काढून फसवतं.

डोसचं मॉडेल म्हणजे रक्तातलं औषध वेळेनुसार कसं चढतं-उतरतं हे सांगणारी काही समीकरणं, आणि त्यांतले आकडे खऱ्या रुग्णांच्या रक्तनमुन्यांवरून ठरवलेले. हे शिकायला दोन तऱ्हेचे लोक येतात. एक, वॉर्डात डोस लिहिणारे डॉक्टर आणि क्लिनिकल फार्मासिस्ट. दुसरे, संख्याशास्त्र किंवा औषधशास्त्रातून आलेले संशोधक. पहिल्यांना लॉगरिदमची धास्ती असते. दुसऱ्यांना, सकाळी ८ चा डोस चार्टवर ८ लाच लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात पावणेनऊला चढलेला असू शकतो, हे कोणी सांगितलेलं नसतं. यातली दुसरी उणीव जास्त महाग पडते, असं आमचं मत आहे.

आधी दोनच आकडे

क्लिअरन्स म्हणजे तासाला किती लिटर प्लाझ्मा औषधापासून पूर्ण मोकळा होतो. व्हॉल्यूम म्हणजे दिलेलं औषध किती लिटरमध्ये मिसळल्यासारखं दिसतं. हे लिटर खरे नसतात. अझिथ्रोमायसिनसारखं पेशींमध्ये शिरून बसणारं औषध दोन हजार लिटरच्या आसपासचं व्हॉल्यूम दाखवतं, आणि एवढं पाणी कोणाच्याच अंगात मावत नाही. हाफ-लाइफ या दोघांतून निघते: ०.६९३ गुणिले व्हॉल्यूम भागिले क्लिअरन्स. त्यामुळे हाफ-लाइफ वाढलेली दिसली तर क्लिअरन्स घटला की व्हॉल्यूम वाढलं, हे आधी विचारायचं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिला डोस व्हॉल्यूमवर ठरतो, पुढचे क्लिअरन्सवर. वॉर्डात सर्वांत जास्त दिसणारी चूक इथेच होते: क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडांनी गाळायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं पाहून पहिलाच डोस निम्मा केला जातो. मूत्रपिंडं थकली म्हणून औषध मिसळायची जागा कमी होत नाही. उलट सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गामुळे सगळं शरीर बिघडतं तेव्हा, केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, वरून सलाइनच्या बाटल्या चढतात आणि पाण्यात विरघळणाऱ्या औषधांचं व्हॉल्यूम वाढतं. पहिला डोस पूर्ण द्यायचा. हात आखडायचा तो पुढच्या डोसांना.

जिवाणूची बाजू

एमआयसी म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणूची वाढ थांबवणारी औषधाची किमान पातळी. ती दुपटीच्या पायऱ्यांनी मोजतात: ०.५, १, २, ४, ८. तीच चाचणी पुन्हा केली की उत्तर एक पायरी वर किंवा खाली येणं हे चाचणीच्या नेहमीच्या फरकात बसतं. म्हणून एका रुग्णाच्या अहवालातल्या '२' वर दशांशापर्यंतचं गणित रचू नये. तो १ ही असू शकतो, ४ ही.

औषध नेमकं कशाने मारतं याचे तीन प्रकार मानले जातात. पेनिसिलिन, सेफलोस्पोरिन, कार्बापेनेम या बीटा-लॅक्टम गटात महत्त्व असतं ते मोकळं, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेलं औषध डोसांमधल्या एकूण वेळेपैकी किती टक्के वेळ एमआयसीच्या वर राहिलं याला. जेंटामायसिन, अमिकासिन यांच्यात पातळीचं शिखर एमआयसीच्या किती पट गेलं ते पाहतात. ८ ते १० पट हे नेहमीचं लक्ष्य. व्हॅन्कोमायसिन आणि फ्लुरोक्विनोलोन यांच्यात २४ तासांतला एकूण सहवास, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ किंवा एयूसी, भागिले एमआयसी.

पेनिसिलिनचं काम वेळेवर चालतं हे हॅरी ईगल यांनी १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या प्रयोगांत दाखवलं होतं. पुढे विल्यम क्रेग यांच्या गटाने उंदरांच्या मांडीत संसर्ग घडवून तिन्ही प्रकार वेगळे काढले. युक्ती साधी आहे. दिवसाचं एकूण औषध तेवढंच ठेवायचं, पण एका गटाला एकदम द्यायचं, दुसऱ्याला दोन वाट्यांत, तिसऱ्याला आठ वाट्यांत. वाटे वाढवल्यावर जिवाणू जास्त मेले तर वेळ महत्त्वाची. एकदम दिल्यावर जास्त मेले तर शिखर. काहीच फरक पडला नाही तर एकूण सहवास. उंदरांत कार्बापेनेमला ४० टक्के, पेनिसिलिनला ५० आणि सेफलोस्पोरिनला ६० ते ७० टक्के वेळ पुरते. अत्यवस्थ रुग्णात मात्र अनेक जण १०० टक्क्यांचं लक्ष्य धरतात. तो सावधगिरीचा निर्णय आहे, उंदरांच्या प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. मॉडेलच्या अहवालात यांपैकी कोणतं लक्ष्य धरलंय ते ठळक लिहिलेलं नसेल तर पुढचे टक्के वाचण्यात अर्थ नाही.

कागद, पेन्सिल, मेरोपेनेम

पहिला दिवस कॉम्प्युटर बंद ठेवून घ्यावा. रुग्णाचं व्हॉल्यूम २० लिटर, क्लिअरन्स तासाला १० लिटर, जिवाणूची एमआयसी ८ मिलिग्रॅम प्रति लिटर. मेरोपेनेम प्रथिनांना अगदी थोडं, २ टक्क्यांच्या आसपास चिकटतं, म्हणून तो भाग सोडून देऊ. निचऱ्याचा दर म्हणजे १० भागिले २०, तासाला ०.५.

१ ग्रॅम झटकन दिलं तर सुरुवातीची पातळी ५०. ती ८ वर यायला लागणारा वेळ: ५० भागिले ८ चा नैसर्गिक लॉग १.८३, त्याला ०.५ ने भागलं की ३.७ तास. आठ तासांपैकी ४६ टक्के. २ ग्रॅम दिलं तर सुरुवात १०० पासून, वेळ ५.१ तास, ६३ टक्के. फरक १.४ तासांचा, या रुग्णाची हाफ-लाइफ तेवढीच आहे.

आता तेच १ ग्रॅम ३ तासांत सावकाश चढवू. ताशी ३३३ मिलिग्रॅम. पातळी ८ ओलांडायला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ, ३ तासांनी ती २६ वर, तिथून ८ पर्यंत उतरायला अजून २.३५ तास. एकूण ४.८ तास, म्हणजे ६० टक्के. निम्म्या औषधात जवळपास २ ग्रॅमचं काम झालं.

इथवर आलं की सगळ्यांना सतत इन्फ्युजनचा, म्हणजे औषध दिवसभर न थांबता शिरेतून चढवत ठेवण्याचा, मोह होतो, म्हणून लगेच दुसरा रुग्ण द्यावा. तरुण, अपघातातला, अतिदक्षता विभागातला, मूत्रपिंडं गरजेपेक्षा जोरात चालणारी. १.७३ चौरस मीटर शरीर-पृष्ठभागामागे क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला १३० मिलिलिटरच्या वर असला की त्याला वाढीव क्लिअरन्स म्हणतात. तो जिथे सर्रास आढळतो असा हा गट आहे. त्याचा मेरोपेनेम क्लिअरन्स धरा तासाला २० लिटर. झटकन दिलेलं १ ग्रॅम आता २३ टक्केच वेळ वर राहतं. ३ तासांचं इन्फ्युजन ३८ टक्के देतं. आणि दिवसाला ३ ग्रॅम सतत दिलं तर? ताशी १२५ मिलिग्रॅम भागिले २०, म्हणजे पातळी ६.२५ वर स्थिर. एमआयसी ८. वरचा वेळ शून्य टक्के! पहिल्या रुग्णात हेच सतत इन्फ्युजन १२.५ ची पातळी आणि १०० टक्के देत होतं. सतत इन्फ्युजनमध्ये अधलंमधलं काही नसतं. पार तरी होतं, नाहीतर पूर्ण बुडतं. क्लिअरन्स मोठा आणि एमआयसी वरच्या टोकाची असेल तर आधी दिवसाचा एकूण डोस वाढवायचा, मग तो कसा पसरायचा ते पाहायचं. शिवाय सतत इन्फ्युजनच्या आधी एक झटपट भरणा-डोस लागतोच, नाहीतर पातळी वर यायलाच काही तास जातात.

एक व्यावहारिक अडचण: मेरोपेनेमचं द्रावण खोलीच्या तापमानात हळूहळू विघटतं. २४ तासांची एकच पिशवी लावून मोकळं होता येत नाही, ती दिवसातून अनेकदा बदलावी लागते. मॉडेलला हे माहीत नसतं. त्याच्या लेखी पिशवीतलं औषध शेवटपर्यंत ताजं असतं.

व्हॅन्कोमायसिन: एक आकडा सोडून दोन का घ्यायचे

२००९ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत गंभीर संसर्गासाठी ट्रफ, म्हणजे पुढच्या डोसच्या अगदी आधीची पातळी, १५ ते २० मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवावी असं होतं. २०२० च्या सुधारित सूचनांनी गंभीर एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस जिवाणू) संसर्गात ट्रफचा पाठलाग सोडून २४ तासांचा एयूसी ४०० ते ६०० दरम्यान ठेवायला सांगितलं, एमआयसी १ धरून. कारण हाताने करून बघू.

१ ग्रॅम, १ तासात, दर १२ तासांनी, पातळ्या स्थिरावलेल्या. इन्फ्युजन सुरू केल्यापासून २ तासांनी घेतलेल्या नमुन्यात ३०, साडेअकरा तासांनी घेतलेल्यात १२. निचऱ्याचा दर: ३० भागिले १२ चा लॉग ०.९१६, भागिले मधले ९.५ तास, म्हणजे ०.०९६५. मागे जाऊन इन्फ्युजन संपतानाची पातळी ३३, पुढे जाऊन १२ व्या तासाची ११.४. चढत्या तासाचं क्षेत्रफळ दोन्ही टोकांची सरासरी, २२. उतरत्या भागाचं ३३ वजा ११.४ भागिले ०.०९६५, म्हणजे २२४. बारा तासांचे २४६, चोवीस तासांचे ४९२.

लक्ष्याच्या मधोमध. पण नुसत्या ट्रफकडे पाहणाऱ्याला ११.४ दिसलं असतं, 'कमी आहे' म्हणून त्याने डोस दीड ग्रॅम केला असता आणि एयूसी ७३८ वर गेला असता. ६०० च्या पुढे मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका वाढत जातो. याच दोन नमुन्यांवरून क्लिअरन्सही मिळतो: दिवसाचे २००० मिलिग्रॅम भागिले ४९२, तासाला ४.०६ लिटर. पुढचा डोस ठरवायला हवा असलेला एयूसी गुणिले हा क्लिअरन्स, बस्स.

एकाचं गणित शंभरांना कसं लावायचं

वरच्या गणिताला प्रत्येक रुग्णाचे नीट वेळेवर घेतलेले दोन-तीन नमुने लागतात. नवजात बाळाचं किंवा अत्यवस्थ माणसाचं इतकं रक्त दरवेळी मिळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतले लुईस शायनर आणि स्टुअर्ट बील यांनी यावर पॉप्युलेशन मॉडेलची वाट काढली आणि त्यासाठी नॉनमेम हा प्रोग्राम लिहिला. कोणाचा एक नमुना दुसऱ्या तासाचा, कोणाचे दोन सातव्या आणि अकराव्या तासांचे, सगळे एकाच मॉडेलमध्ये एकत्र घ्यायचे. मॉडेल तीन गोष्टी वेगळ्या करतं: सर्वसाधारण रुग्णाचा क्लिअरन्स आणि व्हॉल्यूम, रुग्णारुग्णांमधला फरक, आणि उरलेली चूक, ज्यात प्रयोगशाळेचा फरक, वेळेची गफलत आणि मॉडेलचं अपुरेपण सगळं एकत्र मुरतं. रुग्णारुग्णांमधल्या फरकाचा काही भाग वजन, मूत्रपिंडांचं काम, वय अशा कारणांनी समजावता येतो. त्यांना कोव्हेरिएट म्हणतात.

नॉनमेम, मोनोलिक्स आणि मुक्तस्रोत एनएलमिक्सआर२ यांच्या नेहमीच्या पद्धतींत रुग्णांमधला फरक लॉग-नॉर्मलसारख्या (लॉग घेतल्यावर घंटेच्या आकाराचा होणाऱ्या) ठरीव घाटाचा मानला जातो. पीमेट्रिक्स हे आर या संगणकभाषेतलं पॅकेज असा घाट आधी गृहीत न धरणारी पद्धतही वापरतं. एखाद्या औषधाचे जलद आणि मंद निचरा करणारे दोन वेगळे कळप असतील तर ते तिथे वेगळे दिसू शकतात. 'कोणतं चांगलं' यावर वर्गात तासभर वाद घालण्यापेक्षा एकच फाइल दोन्हींत चालवून पाहावी.

फाइल, जिथे बहुतेक मॉडेलं मरतात

मॉडेलला दिलेल्या तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक घटना: डोस दिला किंवा नमुना घेतला. कोण, कधी, किती, किती वेगाने, काय पातळी आली. दिसायला निरुपद्रवी तक्ता. पण प्रशिक्षणाचा किमान एक अख्खा दिवस यावर घालवावा.

नॉनमेममध्ये इन्फ्युजनचा वेग लिहिला नाही तर प्रोग्राम तक्रार करत नाही, डोस क्षणात दिला असं धरतो. आपल्या मेरोपेनेमच्या रुग्णात मग शिखर २६ ऐवजी ५० असायला हवं असं मॉडेलला वाटतं, आणि प्रत्यक्ष पातळ्यांशी जुळवून घ्यायला ते व्हॉल्यूम फुगवतं. सगळं सुरळीत चालतं, उत्तर चुकीचं येतं. पीमेट्रिक्सची फाइल वेग न मागता कालावधी मागते. १००० मिलिग्रॅम ३ तासांत, हे एकीकडे ३३३.३ असं लिहायचं आणि दुसरीकडे ३. घाईत ३ हा आकडा वेगाच्या रकान्यात गेला की रुग्णाला एक डोस ३३३ तास चालू राहतो.

एककं. क्रिएटिनिन १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. दोन रुग्णालयांची माहिती एकत्र केली की एका गटाची मूत्रपिंडं अचानक ८८ पट बिघडलेली दिसतात. ही चूक निदान डोळ्यात तरी भरते. न दिसणारी चूक म्हणजे काही प्रयोगशाळांनी एकूण औषध मोजलेलं असणं आणि काहींनी मोकळं. मेरोपेनेममध्ये खपून जाईल. सेफट्रायअ‍ॅक्सोनसारख्या, नव्वद टक्क्यांहून जास्त चिकटणाऱ्या औषधात सगळा डोलारा कोसळतो, आणि अल्ब्युमिन (औषधं चिकटतात ते रक्तातलं प्रथिन) घसरलेल्या रुग्णात तर आणखीच.

मग वेळ. हाफ-लाइफ २ तासांची असेल तर नमुन्याची वेळ एक तासाने चुकल्यावर पातळीत जवळपास ३० टक्क्यांची चूक शिरते. वरच्या व्हॅन्कोमायसिनच्या रुग्णात, जिथे हाफ-लाइफ ७ तासांची आहे, तीच चूक ९ टक्क्यांवर निभावते. म्हणून बीटा-लॅक्टम आणि अमिनोग्लायकोसाइडच्या अभ्यासांत 'ठरलेली वेळ' आणि 'खरी वेळ' असे दोन रकाने हवेतच. नमुना घेणाऱ्याने ट्यूबवर घड्याळ बघून वेळ लिहायची, चार्टवरून उतरवून नव्हे. आपत्कालीन विभागात दिलेला पहिला डोस वॉर्डच्या चार्टवर येतच नाही, हेही नेहमीचं. मॉडेलला मग औषध न देताच पातळी दिसते.

नमुना ज्या नळीतून औषध चाललंय तिथूनच काढला तर पातळी शंभरांत जाते. इन्फ्युजन 'संपलं' असं पंप म्हणतो तेव्हा नळीत काही मिलिलिटर उरलेले असतात. ५० मिलिलिटरच्या द्रावणातले १० मिलिलिटर नळीत राहिले तर डोसचा पाचवा हिस्सा रुग्णाला मिळालेलाच नसतो, आणि मॉडेल तो क्लिअरन्स वाढल्याच्या खात्यात मांडतं. नमुना खोलीच्या तापमानात टेबलावर पडून राहिला तर बीटा-लॅक्टम ट्यूबमध्येच विघटत जातं. बर्फात ठेवून लवकर प्लाझ्मा वेगळा करायचा आणि उणे ८० अंशांवर गोठवायचा.

मोजमापाच्या मर्यादेखालच्या पातळ्या शून्य म्हणून लिहू नयेत आणि गुपचूप वगळूही नयेत. त्या मोठ्या संख्येने असतील तर 'मर्यादेखाली असण्याची शक्यता' मॉडेलमध्येच मोजणारी पद्धत वापरावी; नॉनमेम वापरणारे तिला एम-३ म्हणतात.

मूत्रपिंडांचं काम मोजायला सर्रास वापरलं जाणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र १९७६ चं आहे, २४९ पुरुषांवरून बेतलेलं: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ पट क्रिएटिनिन. अंथरुणाला खिळलेल्या ८० वर्षांच्या, ४५ किलोच्या पुरुषाचं क्रिएटिनिन ०.४ असेल तर उत्तर येतं मिनिटाला ९४ मिलिलिटर. मूत्रपिंडं तरुण नाहीत. स्नायूच उरलेले नाहीत, म्हणून क्रिएटिनिन कमी. शिवाय या सूत्रात वजन आधीच आहे. ते मॉडेलमध्ये पुन्हा वेगळं कोव्हेरिएट म्हणून घातलं तर एकाच गोष्टीचा हिशेब दोनदा होतो.

जुळलं, पण खरंच जुळलं का

एक कोव्हेरिएट वाढवल्यावर मॉडेलचा ऑब्जेक्टिव्ह फंक्शनचा आकडा (मॉडेल माहितीशी किती जुळत नाही त्याचं माप) ३.८४ ने उतरला तर ५ टक्के पातळीवर तो अर्थपूर्ण मानतात, १०.८३ ने उतरला तर ०.१ टक्का पातळीवर. पण वीस कोव्हेरिएट एकामागून एक तपासले तर त्यातलं एखादं नुसत्या नशिबानेही बहुधा ३.८४ पार करेल. आकड्याआधी शरीरशास्त्राला पटेल असं कारण हवं.

प्रत्यक्ष पातळी विरुद्ध व्यक्तिगत अंदाज हा आलेख जवळपास नेहमीच देखणा येतो, म्हणून तो एकटा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. एकच नमुना असलेल्या रुग्णाचा अंदाज सरासरीकडे ओढला जातो. याला श्रिंकेज म्हणतात. ते ३० टक्क्यांच्या वर गेलं की व्यक्तिगत अंदाजांवर आधारलेले आलेख शंकेनेच पाहावेत. त्यापेक्षा मॉडेलकडून मूळ माहितीच्या हजार नकला काढून घ्याव्यात आणि खऱ्या पातळ्यांच्या ५ व्या, ५० व्या, ९५ व्या शतमानाच्या रेषा नकलांच्या पट्ट्यांत बसतात का ते पाहावं. मधली रेषा बसली आणि वरची निसटली, तर शिखराच्या भागात काहीतरी हुकलंय: इन्फ्युजनच्या वेळा, किंवा औषध जिथे मिसळतं असं मानलेला एकच कप्पा पुरत नसणं.

हजार काल्पनिक रुग्ण

मॉडेल तयार झालं की माँटे कार्लो सिम्युलेशन: फासे टाकून हजारो काल्पनिक रुग्ण बनवायचे, प्रत्येकाला डोस द्यायचा, लक्ष्य किती जणांनी गाठलं ते मोजायचं. नेहमी ९० टक्क्यांची अट लावतात. कोड लिहिता आला म्हणजे तो बरोबर असतो असं नाही, म्हणून पहिलं सिम्युलेशन असं निवडावं ज्याचं उत्तर हाताने निघतं.

मेरोपेनेमचं सतत इन्फ्युजन त्याला उत्तम. दिवसाला ३ ग्रॅम, म्हणजे ताशी १२५ मिलिग्रॅम. एमआयसी ८ गाठायची तर क्लिअरन्स १५.६ पेक्षा कमी हवा. मध्यक क्लिअरन्स १०, फरकाचा सहगुणक (प्रमाण-विचलन भागिले सरासरी) ४० टक्के, लॉग-नॉर्मल. लॉग-मोजपट्टीवरचं प्रमाण-विचलन ०.३८५. मग १.५६ चा लॉग ०.४४६ भागिले ०.३८५ म्हणजे १.१६, आणि नॉर्मल तक्त्यात त्याचं उत्तर ८८ टक्के. एमआयसी ४ ला ९९ टक्क्यांहून जास्त, १६ ला २६. दहा हजार रुग्णांचा कोड या आकड्यांच्या अर्ध्या-पाऊण टक्क्यात आला पाहिजे.

नाही आला, तर बहुधा पुढची चूक झालेली असते. नॉनमेमच्या ओमेगामध्ये, म्हणजे रुग्णारुग्णांमधला फरक लिहायच्या जागी, विचरण, म्हणजे प्रमाण-विचलनाचा वर्ग, लिहायचा असतो, इथे ०.१४८. शिकणारा '४० टक्के' वाचून ०.४ लिहितो. काल्पनिक रुग्ण गरजेपेक्षा फार विखुरतात आणि एमआयसी ८ चं उत्तर ८८ ऐवजी ७६ येतं. गंमत म्हणजे एमआयसी १६ चं उत्तर त्याच चुकीने २६ वरून ३५ पर्यंत सुधारतं. म्हणून ही चूक 'निकाल वाईट आला' अशी ओळखता येत नाही. हाताचं उत्तर शेजारी ठेवलं तरच पकडता येते.

८८ टक्के म्हणजे ८८ टक्के रुग्ण बरे होतील असंही नाही. ब्लिंग-३ ही बीटा-लॅक्टमचं सतत आणि तुकड्यातुकड्याने इन्फ्युजन यांची तुलना करणारी मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली; अतिदक्षता विभागातल्या सात हजारांवर रुग्णांत ९० दिवसांतले मृत्यू २४.९ विरुद्ध २६.८ टक्के आले आणि हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला थोडक्यात उतरला नाही. दिशा मॉडेलने सांगितली तीच, पण अंतर छोटं, कारण रुग्ण इतर कारणांनीही दगावतात आणि बहुतेक जिवाणूंची एमआयसी मुळात कमीच असते. विषारीपणाची वरची सीमाही सिम्युलेशनमध्ये घालायला हवी. नाहीतर जिंकणारा डोस नेहमी सर्वांत मोठाच असतो.

पलंगापाशी

बेझियन पद्धतीत पॉप्युलेशन मॉडेल हा आधीचा अंदाज, आणि रुग्णाचे एक-दोन नमुने त्या अंदाजाला आपल्याकडे ओढतात. पातळी स्थिर व्हायची वाट पाहावी लागत नाही. व्हॅन्कोमायसिनमध्ये पहिल्या २४ ते ४८ तासांतच डोस सुधारता येतो. पण मूळ मॉडेल कोणत्या रुग्णांवरून बनलं ते पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. प्रौढांचं मॉडेल लहान मुलांना लावताना क्लिअरन्स वजनाच्या ०.७५ व्या घाताने मोजतात. १० किलोच्या मुलाचा क्लिअरन्स किलोमागे ७० किलोच्या प्रौढाच्या १.६ पट निघतो. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात हे चालत नाही, कारण आकाराचा हिशेब केल्यावरही त्याच्या मूत्रपिंडांची गाळण प्रौढाच्या साधारण ३५ टक्केच पिकलेली असते.

काही औषधं तर त्याच रुग्णात बदलतात. रिफाम्पिसिन स्वतःचाच निचरा पहिल्या काही आठवड्यांत वाढवतं, त्यामुळे पहिल्या दिवसाच्या नमुन्यांचं मॉडेल महिन्यानंतर लागू नाही. बुरशीवरचं औषध व्होरिकोनाझोल तोंडाने २०० वरून ३०० मिलिग्रॅम केलं की सहवास दीडपट न होता सरासरी अडीच पट होतो. तिथे 'डोस भागिले क्लिअरन्स' चं सोपं गणित मोडतं.

वर्ग कसा बांधावा

जोड्या लावाव्यात: एक डॉक्टर किंवा फार्मासिस्ट, एक मॉडेल बनवणारा. पाच दिवस पुरतात. पहिला हाताच्या गणिताचा, दुसरा फाइलचा, तिसरा-चौथा मॉडेल बांधण्याचा आणि तपासण्याचा, पाचवा सिम्युलेशनचा. कीबोर्ड डॉक्टरच्या हातात द्यावा आणि वॉर्डची चार्ट संशोधकाच्या. उलट केलं तर दोघंही आपल्या सवयीचंच काम करत बसतात. एखादा दिवस कमी करायचाच झाला तर चौथ्यातून कापावा, दुसऱ्यातून नाही.

परीक्षेसाठी मुद्दाम नासवलेली फाइल द्यावी. वीस रुग्ण, त्यात एकाचं क्रिएटिनिन वेगळ्या एककात, दोघांचे इन्फ्युजनचे वेग गायब, एकाची पातळी नळीतून घेतलेली, आणि एकाची पातळी कोणताही डोस न देता चौथ्या ते सहाव्या तासादरम्यान वाढलेली. शेवटच्या रुग्णासाठी कोणी दुसरा कप्पा जोडतं, कोणी शोषणाचं नवं समीकरण लिहितं, कोणी ती ओळ खोडून टाकतं. पूर्ण गुण मिळतात ते 'वॉर्डात फोन करून पाचव्या तासाला कोणी जादा डोस दिला का ते विचारलं' असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याला.